घोड्याच्या लगामापर्यंत रक्त: क्रुसेडच्या बखरी कशा वाचाव्यात

१५ जुलै १०९९, शुक्रवार. पहिल्या क्रुसेडची, म्हणजे पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती लोकांच्या धर्मयुद्धाची, तीन वर्षांपूर्वी निघालेली फौज त्या दिवशी जेरुसलेमच्या तटावरून आत उतरली आणि शहरात कत्तल झाली. या कत्तलीबद्दलचे एक वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेच असेल: सॉलोमनच्या मंदिरात स्वारांच्या गुडघ्यांपर्यंत आणि घोड्यांच्या लगामांपर्यंत रक्त होते. हे लिहिणारा अगिलेरचा रेमंड हा तुलूझच्या काउंटचा पाद्री. तो त्याच फौजेबरोबर होता. समकालीन, शिवाय प्रत्यक्षदर्शी. इतिहासाला आणखी काय हवे?

आता जरा घोडा डोळ्यांसमोर आणा. लगाम जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर. मोकळ्या, ऐसपैस आवारात एवढे रक्त साचायला किती माणसे मारावी लागतील, हा हिशेब मांडायला बसू नका. तो जमत नाही. त्यापेक्षा बायबलमधले शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, उघडा. चौदाव्या अध्यायाच्या २०व्या वचनात देवाच्या क्रोधाचे द्राक्षकुंड तुडवले जाते आणि त्यातून निघालेले रक्त घोड्यांच्या लगामांपर्यंत पोचते. रेमंडने रक्ताची खोली मोजली नव्हती, त्याने वचन आठवले होते. त्याच्या वाचकांनाही ते वचन पाठ होते, त्यामुळे त्यांना खूण लगेच पटली. पुढच्याच वाक्यात तो सांगतो की या जागेने इतकी वर्षे देवाची निंदा सोसली, ती निंदकांच्या रक्ताने भरावी हा देवाचा न्यायच. आज आपण ज्याला कबुलीजबाब म्हणून वाचतो, ते त्याच्या लेखी स्तोत्र होते.

कत्तल झाली नाही, असे मी म्हणत नाही. झाली, आणि भयंकर झाली. त्याबद्दल दोन्हीकडच्या लेखकांत दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की एखादे वाक्य आपल्याला नेमके काय सांगते: घडलेली गोष्ट, की लिहिणाऱ्याच्या डोक्यातली?

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. सभासदाने आपली बखर १६९७ साली जिंजीला बसून, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. म्हणून ती आपण फेकून देत नाही, पण तिच्यातला प्रत्येक आकडा डोळे मिटून उचलतही नाही. शेजारी शकावली ठेवायची, एखादे अस्सल पत्र हाती लागले तर त्याला वरचा मान द्यायचा, ही शिस्त इतिहासाचार्य राजवाड्यांच्या काळापासून आपल्याकडे रुजलेली आहे. क्रुसेडच्या साधनांना लावायची ती हीच.

दुसरा धागा तर आपल्या रोजच्या तोंडी आहे. पश्चिम युरोपातून आलेल्या या लोकांना अरबी लेखक 'इफ्रंज' किंवा 'फ्रंज' म्हणत, म्हणजे फ्रँक. तो शब्द फारसीत 'फरंगी' झाला आणि दख्खनेत येऊन 'फिरंगी'. गोव्याचा पोर्तुगीज फिरंगी, विलायती पात्याची तलवारही फिरंगच. सांगायचे ते असे की दमास्कसच्या बखरकाराच्या लेखी १०९९ मध्ये 'क्रुसेडर' आले नव्हते, फिरंगी आले होते. अरबीत आज रूढ असलेले 'अल-हुरूब अस-सलीबिय्या', म्हणजे क्रुसाची युद्धे, हे नाव एकोणिसाव्या शतकात युरोपीय इतिहासग्रंथांच्या प्रभावातून आले. पहिल्या क्रुसेडचे लोक स्वतःलाही क्रुसेडर म्हणत नसत. ते यात्रेकरू म्हणवत. नावच नंतरचे असेल तर त्या नावाखाली रचलेली गोष्टही थोडीफार नंतरचीच असणार.

या विषयात पडणाऱ्याला सर्रास एक सल्ला मिळतो: एक पाश्चात्त्य बखर वाचा, एक अरबी वाचा, सत्य कुठेतरी मध्ये सापडेल. ऐकायला न्याय्य वाटतो, पण मला तो भाबडा वाटतो. 'पाश्चात्त्य' हा एक साक्षीदार नाही आणि 'अरबी' हाही एक नाही. ती दोन गावे आहेत म्हणा; प्रत्येक गावात भाऊबंदकी आहे, उसनवारी आहे, सरकारी नोकर आहेत आणि गप्पिष्टही आहेत.

आधी लॅटिन गावात जाऊ. पहिल्या क्रुसेडवर तिथे खच पडावा इतके लिहिले गेले. त्याच्या मुळाशी 'गेस्टा फ्रँकोरम', म्हणजे 'फ्रँकांची कृत्ये', हा छोटा ग्रंथ आहे. लेखकाचे नाव ठाऊक नाही. तो दक्षिण इटलीच्या नॉर्मन सरदार बोहेमंडच्या तुकडीबरोबर होता, हे मजकुरावरून कळते. १०९९ नंतर फार तर दोन वर्षांत ग्रंथ तयार झाला. भाषा साधी, ओबडधोबड. ती फ्रान्समधल्या शिकलेल्या धर्मगुरूंना खटकली. भिक्षू रॉबर्ट, डोलचा बाल्ड्रिक आणि नोजाँचा गिबेर या तिघांनी तोच मजकूर घेऊन, आपापल्या परीने घासूनपुसून, अलंकार चढवून पुन्हा लिहिला. मोहिमेवर तिघांपैकी एकही गेला नव्हता. वाचकांची आवड पाहा: मूळ गेस्टाच्या हस्तप्रती बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि रॉबर्टच्या ग्रंथाच्या ऐंशीहून अधिक.

याचा व्यवहारात अर्थ काय? एखादी घटना गेस्टा, रॉबर्ट, बाल्ड्रिक आणि गिबेर अशा चारही ठिकाणी सारखी सापडली, तर चार साक्षीदार मिळाले असे समजायचे नाही. साक्षीदार एकच, बाकी तिघांनी त्याच्या वहीवरून उतरवलेले. क्रुसेडवरच्या लोकप्रिय पुस्तकांत 'सर्व समकालीन साधने एकमुखाने सांगतात' असे वाक्य आले की मी तरी आधी कोणाची वही कोणाकडे होती ते पाहतो.

पोप अर्बन दुसरा याचे क्लेरमाँचे भाषण हा या गावातला सर्वांत मोठा पेच. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी त्याने फ्रान्समधल्या क्लेरमाँला भाषण केले आणि त्यातून पहिले क्रुसेड उभे राहिले. भाषणाचे चार मुख्य पाठ मिळतात: शार्त्रच्या फुल्चरचा आणि वरच्या तिघांचे. चारही जेरुसलेम जिंकून झाल्यानंतर लिहिलेले. फुल्चर तिथे हजर असावा असे मानतात. रॉबर्ट तर स्वतःच तसे सांगतो. पण चार पाठांत चार भाषणे आहेत. जमावाने 'देवाची इच्छा!' अशी गर्जना केली, तो प्रसिद्ध प्रसंग रॉबर्टकडचा. फुल्चरकडे तो नाही. सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे फुल्चरच्या पाठात पोप जेरुसलेमचे नावच काढत नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांना तुर्कांविरुद्ध मदत करा, एवढेच. मग ही मोहीम मुळात जेरुसलेमसाठी होती, की विजय मिळाल्यावर ते उद्दिष्ट मागे नेऊन पोपच्या तोंडी घातले?

इथे बखरी एकमेकींवर आपटून उपयोग नाही. अस्सल पत्र लागते, आणि ते आहे. भाषणानंतर थोड्याच आठवड्यांनी अर्बनने फ्लँडर्सच्या लोकांना पत्र पाठवले. त्यात पवित्र नगरीच्या दुःखाचा उल्लेख स्पष्ट आहे. जेरुसलेम सुरुवातीपासून डोक्यात होते, हे मग पत्राच्या बळावर म्हणता येते. अर्बन त्या दिवशी नेमके काय बोलला, ते मात्र कायमचे हरवले. पाठ्यपुस्तकात त्याचे भाषण अवतरणचिन्हांत दिसले तर ती चिन्हे मनातल्या मनात पुसावीत.

लॅटिन लेखकांतला माझा आवडता, टायर या किनाऱ्यावरच्या शहराचा विल्यम. कारण तो फिरंगी असूनही तिथलाच होता. ११३० च्या सुमारास जेरुसलेममध्ये जन्म, पुढे वीसेक वर्षे फ्रान्स-इटलीत शिक्षण, परत आल्यावर टायरचा आर्चबिशप आणि राजपुत्र बाल्डविनचा शिक्षक. एक प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. नऊ-एक वर्षांचा बाल्डविन सरदारांच्या मुलांबरोबर खेळत होता. मुलांचा खेळ असा, की एकमेकांच्या हातांना नखे रुतवून चिमटे काढायचे. बाकीची पोरे ओरडत, बाल्डविन गप्प. विल्यमला आधी वाटले, मुलगा सोशिक आहे. पुन्हा पुन्हा तसेच झाले तेव्हा त्याने विचारपूस केली, आणि मुलाच्या उजव्या हाताचा जवळपास निम्मा भाग बधिर आहे हे कळले. तो कुष्ठरोग होता. जेरुसलेमचा कुष्ठरोगी राजा बाल्डविन चौथा तो हाच. इथे बायबलचे वचन नाही, अलंकार नाही. शिक्षकाने मुलाचा हात हातात घेऊन पाहिलेला आहे. हाच विल्यम पहिल्या क्रुसेडबद्दल लिहितो तेव्हा मात्र तोही जुन्या वह्यांवरच अवलंबून आहे. एकाच ग्रंथाची किंमत पानागणिक बदलते ती अशी. राजाने पुरवलेल्या अरबी ग्रंथांवरून त्याने पूर्वेकडच्या मुसलमान राजांचाही इतिहास लिहिला होता. तो हरवला. क्रुसेडच्या साहित्यात जे गमावले, त्यात या एका ग्रंथाची हळहळ मला सर्वांत जास्त वाटते.

आता अरबी गाव. इथला सर्वांत जुना टिकलेला महत्त्वाचा आवाज दमास्कसच्या इब्न अल-कलानिसीचा. मोठ्या घराण्यातला, दोनदा शहराचा रईस, म्हणजे नगरप्रमुख, झालेला माणूस. ११६० मध्ये वारला. फिरंगी आले तेव्हा तो वयात आलेला होता. त्याची बखर कोरडी, वर्षवार, आपल्या शकावलीची आठवण व्हावी अशी. जेरुसलेम पडल्याची नोंद अवघ्या काही ओळींची: पुष्कळ लोक मारले गेले, ज्यू लोक त्यांच्या प्रार्थनामंदिरात जमले आणि फिरंग्यांनी ते त्यांच्यासकट जाळले. मेलेल्यांचा आकडा नाही.

आकडा येतो तो नंतर. मोसुलच्या इब्न अल-अथीरने, घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, लिहिले की एकट्या अल-अक्सा मशिदीत, म्हणजे रेमंडच्या 'सॉलोमनच्या मंदिरा'त, ७०,००० हून अधिक लोक मारले गेले. आज सगळीकडे फिरतो तो हाच आकडा. त्याच्या थोडा आधी बगदादच्या इब्न अल-जौझीकडेही तो दिसतो. म्हणजे जेरुसलेमपासून जसजसे दूर, इराककडे जावे आणि काळ लोटावा, तसतसा आकडा फुगत गेला. उलट त्या काळात याच प्रदेशात फिरणारा आंदलुसी विद्वान इब्न अल-अरबी याने अल-अक्सातल्या मृतांचा आकडा ३,००० दिला आहे. ७०,००० माणसे त्या वेळच्या जेरुसलेमात मावणेच इतिहासकारांना अशक्य वाटते. तरी लॅटिन लेखकांनी विजय फुगवायला आणि इराकी लेखकांनी जखम फुगवायला मोठे आकडे वापरले, म्हणून दोघांची सरासरी काढून सत्य हाती येणार नाही. दोघे एकाच दिशेला ओढत होते.

इब्न अल-अथीरला नुसता आकडे फुगवणारा समजू नका. त्याचा 'अल-कामिल' हा जगाचा इतिहास आहे आणि त्याची नजर लांबवर पोचते. फिरंगी शाममध्ये, म्हणजे सीरियात, का आले हे सांगताना तो आधी १०८५ मध्ये पडलेले स्पेनमधले टोलेडो सांगतो, मग सिसिली, मग उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे हल्ले, आणि मग शाम. मग एक किस्सा येतो. बाल्डविन नावाचा फिरंगी राजा सिसिलीच्या रॉजरला कळवतो की मोठी फौज घेऊन येतो आहे, तुझ्या मदतीने आफ्रिका जिंकू. दरबारी खूश होतात. रॉजर पाय उचलून दणदणीत पादतो आणि म्हणतो, तुमच्या बोलण्यापेक्षा हे बरे! मग हिशेब सांगतो: फौजेला धान्य मी पुरवायचे, गलबते मी द्यायची, जिंकले तर मुलूख त्यांचा, हरले तर माझ्याच दारात परत, आणि आफ्रिकेच्या अमिराशी माझा व्यापार बुडणार तो वेगळाच. शेवटी तो त्यांना जेरुसलेमचा रस्ता दाखवतो.

किस्सा खरा नाही. पहिल्या क्रुसेडआधी असा कुणी बाल्डविन राजा नव्हताच. पण तो निरुपयोगीही नाही. लॅटिन लेखकांना जी एकमेव, अभूतपूर्व, देवाने घडवलेली यात्रा वाटत होती, ती मोसुलमधल्या एका विचारी माणसाला स्पेनपासून चालत आलेल्या एका लांब सरकणीचा तुकडा वाटत होती, आणि तिच्यामागे त्याला धान्याचा भाव दिसत होता. खोट्या किस्स्यातून कळणारी ही खरी गोष्ट.

इब्न अल-अथीरचा पक्षही ध्यानात ठेवावा. त्याचे घराणे मोसुलच्या झंगी राजांच्या चाकरीतले, आणि इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन, म्हणजे युरोपीयांचा सलादिन, याने झंगींचेच बरेचसे राज्य बळकावलेले. त्यामुळे त्याच्या लेखणीत सलाहुद्दीनबद्दल एक खोच कायम आहे. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने एकामागून एक शहरे घेतली आणि फिरंग्यांना जीवदान देऊन टायरला जाऊ दिले. तिथे ते सगळे गोळा झाले आणि टायर हातचे गेले. दोष सलाहुद्दीनचाच, असे तो रोखठोक लिहितो. सलाहुद्दीनचे दरबारी हे इतक्या उघड लिहिणार नाहीत. द्वेषातूनही कधी कधी माहिती मिळते.

तरी त्याच सलाहुद्दीनचे सर्वांत जिवंत चित्र याच माणसाने जपले आहे. ४ जुलै ११८७, हत्तीनची लढाई. सुलतानाचा मुलगा अल-अफ्दल याने स्वतः ही आठवण आपल्याला सांगितली, असे इब्न अल-अथीर नोंदवतो. मुलाची ती पहिलीच लढाई, तो बापाशेजारी उभा. टेकडीवरून फिरंग्यांनी चढाई केली, मुसलमान मागे रेटले गेले. बापाचा चेहरा उतरला, त्याने आपली दाढी मुठीत धरली. मुसलमानांनी उलट रेटा दिला तसा पोरगा ओरडला, आपण त्यांना हरवले! पुन्हा फिरंगी धावून आले, पुन्हा मागे गेले, पोरगा पुन्हा ओरडला. बाप वळून म्हणाला, गप्प बस, तो तंबू पडेपर्यंत आपण त्यांना हरवलेले नाही. बोलता बोलता टेकडीवरचा राजाचा लाल तंबू पडला. सुलतान घोड्यावरून उतरला, जमिनीला माथा टेकवला आणि आनंदाने रडला. ऐकीव आहे, पण कोणाकडून ऐकले ते सांगून ऐकीव; आणि स्वतःची फजिती सांगणारा मुलगा सहसा ती बनवत नाही.

सलाहुद्दीनच्या चाकरीतले दोघे मात्र वेगळे वाचावे लागतात. त्याचा चिटणीस इमादुद्दीन अल-इस्फहानी हा शब्दांचा कारागीर. त्याचे गद्य यमकांचे, वाक्यावर वाक्य तालात पडणारे. प्रत्येक तलवार वीज, प्रत्येक घोडा लाट. तो बहुतेक ठिकाणी हजर होता, राज्याचे कागद त्याच्याच हातून जात. पण त्याच्याकडून साधी तारीख काढायची म्हणजे आरास बाजूला करत देवापर्यंत पोचायचे. तेराव्या शतकातल्या अबू शामाने तर त्याचा मजकूर उतरवून घेताना यमकांची झालर कापूनच टाकली. आज ते कातरकाम आपल्या कामी येते, कारण इमादुद्दीनच्या एका मोठ्या ग्रंथाचे दोनच खंड उरले आहेत.

दुसरा, बहाउद्दीन इब्न शद्दाद, ११८८ पासून सलाहुद्दीनच्या फौजेचा काझी. त्या वर्षापूर्वीचे त्याचे सगळे ऐकीव, त्यानंतरचे डोळ्यांनी पाहिलेले. वाचताना ही रेघ मनात आखून घ्यावी. धन्यावर त्याची निस्सीम भक्ती. मग त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? एक दिवस घेऊन पाहू.

मंगळवार, २० ऑगस्ट ११९१, अक्का शहराबाहेर. जुलैत शहर फिरंग्यांच्या हाती गेले होते. करार असा, की सलाहुद्दीनने २,००,००० दिनार, ख्रिस्ती कैदी आणि हत्तीनला हाती लागलेला पवित्र क्रूस द्यायचा. त्याबदल्यात अक्काच्या शिबंदीची सुटका. घासाघीस चालली, मुदत टळली. त्या दुपारी इंग्लंडचा राजा रिचर्ड याने कैद्यांना दोरखंडांनी बांधून मैदानात आणवले आणि कापून काढले. बहाउद्दीन लिहितो, सुमारे ३,०००. फिरंगी फौजेबरोबर असलेला कवी आंब्रुआझ आकडा देतो २,७००. आणि स्वतः रिचर्डने क्लेरवोच्या मठाधिपतीला १ ऑक्टोबरला पाठवलेले पत्र शिल्लक आहे. त्यात सुमारे २,६००. मुदत संपली, करार रद्द झाला, म्हणून योग्य तेच केले, अशा थंड हिशेबी सुरात.

जेरुसलेमच्या आकड्यांशी हे ताडून पाहा. शत्रू, कवी आणि खुद्द मारणारा असे तिघे, एकमेकांचे न वाचता, ४०० च्या फरकात. असे जुळले की आकड्यावर भार टाकता येतो. पण माझ्या मते त्याहून मोलाचे पुढे आहे. रिचर्डने वचन मोडले असे बहाउद्दीन म्हणतोच. मुसलमान शिपाई दुसऱ्या दिवशी प्रेते ओळखायला गेले ते दुःखही नोंदवतो. मग तो रिचर्डची कारणे देतो: कोणी म्हणतात, त्यांच्या मारल्या गेलेल्या माणसांचा सूड, कोणी म्हणतात, त्याला अस्कलानकडे कूच करायचे होते आणि एवढे कैदी पाठीमागे ठेवणे शहाणपणाचे नव्हते. अल्लाहच जाणे. आपल्या माणसांची कत्तल पाहिलेला काझी शत्रूच्या डोक्यात शिरून त्याची लष्करी अडचण समजावून घेतो आणि निकाल राखून ठेवतो. पुढे आठशे वर्षे इतिहासकारांनी या घटनेवर जो वाद घातला, त्याची दोन्ही टोके त्याने तेव्हाच लिहून ठेवली होती. अशा ठिकाणी भक्ताची साक्ष भक्त असूनही टिकते.

आपल्याच बाजूला अडचणीत आणणारी साक्ष हा या सगळ्या परीक्षेतला सर्वांत उपयोगी खडा. डिसेंबर १०९८ मध्ये सीरियातल्या मआर्रा शहरी उपासमारीने वेडे झालेल्या क्रुसेडरांनी मेलेल्यांचे मांस खाल्ले. हे कोणी सांगितले? लॅटिन लेखकांनीच: फुल्चर, रेमंड, आखेनचा आल्बर्ट. इब्न अल-कलानिसी आणि इब्न अल-अथीर मआर्राच्या कत्तलीबद्दल लिहितात, नरमांसाचे नाव काढत नाहीत. शत्रूने केलेली बदनामी म्हणून ही गोष्ट झटकता येत नाही ती म्हणूनच.

उसामा इब्न मुन्किध हा बखरकार नव्हे, पण त्याच्यावाचून हा विषय कोणी पुरा करत नाही. सीरियातल्या शैझरच्या अमिराचा पुतण्या, जन्म १०९५ चा. म्हातारपणी, नव्वदीच्या घरात, त्याने आठवणी सांगितल्या. त्यातली फिरंगी वैद्याची गोष्ट सगळीकडे छापली जाते. साबित नावाच्या स्थानिक ख्रिस्ती वैद्याने एका स्वाराच्या पायावरच्या गळवाला पोटीस बांधले, गळू फुटून उतार पडू लागला. इतक्यात फिरंगी वैद्य आला, स्वाराला विचारले, एका पायाने जगतोस की दोन पायांनी मरतोस? कुऱ्हाड मागवली, दोन घाव घातले, स्वार जागीच गेला. तात्पर्य: फिरंगी रानटी. बहुतेक पुस्तके इथे थांबतात. उसामा थांबत नाही. लगेच तो सांगतो की जेरुसलेमचा फिरंगी राजा फुल्क याच्या खजिनदाराच्या पायाला घोड्याने लाथ मारली, १४ ठिकाणी जखमा चिघळल्या, आणि हा मेला तर बरे, अशी माझी प्रार्थना चालू होती. एका फिरंगी वैद्याने मलमे काढून टाकली, जालीम शिरक्याने जखमा धुतल्या, आणि तो सैतानासारखा उठून उभा राहिला. उसामा मैफिलीत चकित करणाऱ्या गोष्टी सांगत होता, वैद्यकाचा अहवाल देत नव्हता. अर्धी गोष्ट उचलून अहवाल बनवला तो नंतरच्या लोकांनी.

हे अर्धे उचलणे मोठ्या प्रमाणावरही झाले. पॅरिसच्या अकादमीने १८४१ पासून क्रुसेडच्या इतिहासकारांचे जाडजूड खंड काढले. लॅटिन वेगळे, 'पौर्वात्य' वेगळे. उपकार मोठे. पण जगाच्या इतिहासातून फिरंग्यांचा मजकूर तेवढा कात्रीने काढला की वाटते, अरबी लेखकांना रात्रंदिवस फिरंगीच दिसत होते. अख्खा 'अल-कामिल' समोर ठेवला तर फिरंगी ही अनेक कटकटींपैकी एक. मोगलांच्या, म्हणजे चंगीझखानाच्या टोळ्यांच्या, स्वारीपाशी येतो तेव्हा मात्र इब्न अल-अथीरची लेखणी अडखळते. हे लिहावे की नाही, म्हणून कित्येक वर्षे टाळत होतो, असे तो सांगतो. फिरंग्यांबद्दल तो असे कुठे म्हणत नाही. भीतीचे माप त्याच्याकडे होते, ते कात्रीत सापडले नाही.

लॅटिन आणि अरबीच्या पलीकडे ग्रीक, आर्मेनियन, सिरियाक, हिब्रूही आहेत. बायझंटाइन राजकन्या ॲना कॉम्निनीने तर पहिले क्रुसेड कॉन्स्टँटिनोपलच्या दारातून, पाहुण्यांना कंटाळलेल्या यजमानाच्या नजरेने पाहिले. तेही चाळीसेक वर्षांनी आठवून. त्यांच्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल. एक कागद मात्र इथेच दाखवायला हवा.

जुन्या कैरोतल्या एका ज्यू प्रार्थनामंदिरात देवाचे नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून शेकडो वर्षे एका खोलीत टाकत गेले. त्या खोलीत, म्हणजे गेनिझात, लाखो तुकडे निघाले. मंगळूर-मलबारच्या किनाऱ्यावर राहून मिरी-लोखंडाचा व्यापार करणाऱ्यांची पत्रेही त्यात आहेत. त्यातच ११०० च्या सुमाराचे अस्कलानच्या ज्यू पंचांचे पत्र आहे, इजिप्तमधल्या बांधवांना पैशांसाठी लिहिलेले. जेरुसलेमहून फिरंग्यांनी धरून नेलेल्यांना सोडवण्यात आपण कर्जात बुडालो आहोत, अजून काही जण त्यांच्या हातात आहेत, असे ते कळवतात. शहराच्या सुभेदाराला अभय मिळाले तेव्हा त्याच्याबरोबर काही ज्यूही निसटून आले, हेही त्यात आहे. किल्ल्यातल्या शिबंदीला फिरंग्यांनी शब्द देऊन सोडले, असे इब्न अल-अथीर लिहितो ते यामुळे पक्के होते. आणि शहरात कोणी जिवंत उरलेच नाही, ही समजूत गळून पडते. पंच ऐकीव माहितीही ऐकीव म्हणूनच देतात: हे शापित लोक बायकांवर अत्याचार करतात असे, देवाच्या कृपेने, आम्ही अजून ऐकलेले नाही, इतर मात्र करतात.

पत्र इतिहासासाठी लिहिलेले नव्हते. हिशेब द्यायचा होता. म्हणून माणसांबरोबर फिरंग्यांकडून सोडवून आणलेल्या ग्रंथांचीही मोजदाद त्यात केली आहे: बायबलच्या २३० पोथ्या, इतर १०० ग्रंथ, आणि ज्यू धर्मशास्त्राच्या, म्हणजे तोराच्या, ८ गुंडाळ्या.